गोठलेला सांडपाण्याचा पाइप

त्या सकाळी हायरियाने मक्याच्या पिठाचं पातेलं धुवायला घेतलं आणि सिंकमधलं पाणी खाली जायचं सोडून वर यायला लागलं. करडं, तेलकट, वर मटणाची चरबी तरंगत असलेलं.

"झाइम! परत तुंबलं!"

नवरा चुलीपाशी सिगारेट ओढत बसला होता. "गरम पाणी ओत की."

"तीन किटल्या ओतल्या. चौथी तुझ्या डोक्यावर ओतू?"

भिंतीतून निघून अंगणातल्या खड्ड्यापर्यंत जाणारा तो प्लास्टिकचा पाइप झाइमनेच पुरला होता, जेमतेम वीतभर खोल. तेही पेश्टरच्या पठारावर, जिथं हिवाळ्यात जमीन हातभर खोल गोठते! दर हिवाळ्यात तो गोठायचा आणि दर हिवाळ्यात झाइम म्हणायचा, "उन्हाळ्यात खोल पुरतो." उन्हाळ्यात मात्र त्याला गवत कापायचं असायचं.

तो कुरकुरत उठला आणि भिंतीजवळच्या उघड्या तुकड्याला गॅसची ज्योत लावून आला. बर्फाच्या आधी पाइपच वितळला.

"निदान कुठे तुंबलंय ते तरी कळलं," तो म्हणाला.

हायरियाला रडावं की ओरडावं कळेना. ती सिंकशी येऊन उभी राहिली. नळ ठिबकत होता.

"हा रात्रभर कोण चालू ठेवतं?"

"मी. नाहीतर येणारं पाणी गोठेल ना!"

"आणि जाणारं? एकेक थेंब जातो, तिथंच बसतो, गोठतो. वर दुसरा बसतो. बाबा रे, पाइप तूच भरतोयस!"

तिने नळाखाली बादली ठेवली. भरली की एकदम ओतायची, धारेला थांबायला वेळच द्यायचा नाही. तो नवा तुकडा जोडत होता तोवर तिने मेंढवाड्यातून वाफाळतं लेंडीखत आणून पाइपावर भिंतीपासून खड्ड्यापर्यंत ढीग रचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंक गुडगुडलं आणि सगळं पाणी झरकन गेलं. हायरिया तिथंच स्टुलावर बसली.

नणंद सादेता आली ती नाकाला रुमाल लावूनच. "वहिनी, अगं, दारात हे काय?"

"तुझ्या भावाला विचार. मला भांडी घासायचीत."

मे महिन्यात बर्फ गेल्यावर झाइम विळा शोधायला लागला. हायरियाने त्याच्या हातात फावडं दिलं. तो गुडघाभर खणून थांबला.

"झालं?"

"नाही."

कंबरेएवढं झाल्यावर त्याने पुन्हा वर पाहिलं. ती अजून तिथंच उभी होती.