दाराबाहेरचा प्रश्न

आमच्याकडे ‘डीसेंट’ हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. पगार डीसेंट, मक्याचं सूप डीसेंट, नवा पाद्रीही डीसेंट. आणि व्हरमाँटमधल्या आमच्या नाटक कंपनीत मेकअप रूमचं दार वाजवून विचारायचं तेही हेच, "डीसेंट आहेस ना?" म्हणजे अंगावर कपडे आहेत ना. आतून होकार आल्याशिवाय कुणी दार ढकलत नाही.

विचारायचं काम माझ्या नवऱ्याचं. पडदा उघडायच्या आधी लॉइड प्रत्येक दारावर जातो. माझ्या दारावर मात्र तो कधी थांबला नाही. लग्नाच्या बायकोला काय विचारायचं? सरळ आत यायचा आणि माझ्याच कपातली कॉफी संपवायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात कॅरिसा आली. नाटकात नायिका ती, तिची आई मी. आमच्या दोघींच्या खोल्यांच्या मधे नुसती लाकडी फळी. मी जळत होते, खोटं कशाला बोलू? तिच्या हसण्यावर जळत होते, तिला उशीर झाला तरी लॉइड ओरडत नाही यावरही. रोज पावडर लावता लावता माझा कान फळीकडे. एकदा जरी तो न विचारता तिच्या खोलीत शिरला, तर मी काय ते समजणार होते.

पण नाही. "डीसेंट आहेस ना, कॅरिसा?"

"थांब हं जरा... हो, ये."

रोज हेच ऐकायचे आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

कपडेपट सांभाळणारी हेन्रिएटा मला हसायची. "फळीला भोक पडेल अगं. लॉइडला कुठली जमतायत असली थेरं?"

"नवरा तुझा असता म्हणजे कळलं असतं," मी म्हणायचे.

शनिवारी प्रयोगाआधी त्याची पावलं वाजली. कॅरिसाला विचारून झालं, ती ‘ये’ म्हणाली, दोघं काहीतरी हळू बोलले. मग तो माझ्या दाराशी आला. दार उघडलं नाही. टकटक झाली.

"डोरीन, डीसेंट आहेस ना?"

परक्या बाईला विचारावं तसं, अगदी अदबीनं. सबंध उन्हाळा मी शेजारच्या दारावर पाळत ठेवली होती, आणि परकी झाले होते मी.

"नाही," मी म्हटलं. "पाठीची चेन अडकलीय. आत ये ना."



"हेन्रिएटाला पाठवतो," लॉइड म्हणाला आणि पुढच्या दाराकडे गेला.