दुसरी टाळी

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलात त्यांनीही पुढे सरका, नाहीतर मला आवाज चढवावा लागेल, आणि ही गोष्ट सांगताना तो एकदा चढला की उतरायचं नाव घेत नाही. गोष्ट एका चिंपांझीची आहे, माझ्या थोरल्या बहिणीची आहे आणि तिच्या पोटच्या पोराची आहे. तिघांत जनावर कोण, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

आमची आक्का म्हणजे थोरली बहीण. तिनं ही जागा उभी केली ती आधी गुरांसाठी. दूध आटलेल्या गायी, डोळे गेलेले बैल, कुणाला नको ती सगळी तिला हवी. मग सर्कशीतून सोडवलेल्या, प्रयोगशाळेतून बाहेर काढलेल्या चिंपांझींना कुठं ठेवायचं असा प्रश्न आला, तेव्हा हिनं हात वर केला. गोठ्यापलीकडे जाळीची मोठी आवारं झाली, आत लाकडी माच, दोरखंड, टायर, आणि मागं झोपायच्या खोल्या. मी विधवा झाले तशी इथं आले आणि स्वयंपाकघर धरलं. गुरांचा ओला चारा, चिंपांझींचे भोपळे, रताळी, पालेभाज्या, सगळं माझ्या विळीखालून जातं. सकाळी सातआठ टोपल्या भरेपर्यंत माझ्या तोंडात देवाचं नाव असतं, आणि मधेमधे भोपळ्यांना शिव्या, कारण काही भोपळे खरोखरच दगडाचे असतात.

गाणं म्हणते, पण टाळी वाजवत नाही. मांडीवर बोटं आपटते. इथं कुणीच टाळी वाजवत नाही. आमचे गुराखी काका साऱ्या कळपाला नुसत्या जिभेच्या टकटकीवर हाकतात. पाहुण्यांना फाटकातच सांगतात, हात जोडा, हात हलवा, पण आपटू नका. हा नियम ठकूसाठी.

ठकू सर्कशीतली. तिकडं टाळी वाजली की दोन पायांवर उभं राहायचं, सलाम ठोकायचा, दोन्ही हात डोक्यावर ठेवून गरगर फिरायचं आणि दात दाखवायचे. उशीर झाला की काठी. बघणाऱ्यांना वाटायचं, हसतेय. चिंपांझी घाबरला की असे दात काढतो, हसताना नव्हे. इथं आल्यावरसुद्धा कुठं दार आपटलं, बादली पडली, की हिचा सलाम सुरू. आक्कानं सगळ्या दारांना रबर लावलं, बादल्या प्लॅस्टिकच्या आणल्या. किती पावसाळे गेले कोण जाणे, पण ते थांबलं. ठकू स्वतःच्या हातानं गवत रचून झोपायला लागली. आमचा म्हातारा नर आहे, त्याला आम्ही मुनीम म्हणतो, कारण तो प्रत्येक टोपली उलटीपालटी करून तपासतो; त्याला ती पाठीतले केस विंचरू द्यायला लागली. ज्या पाठीवर काठी पडली ती पाठ तिनं दुसऱ्याच्या हातात दिली. मला विचाराल तर देवळात याहून मोठं काही घडत नाही.

आक्काचे गुडघे गेले तेव्हा तिनं किल्ल्या मुलाच्या हातात दिल्या. घरात आम्ही त्याला लाडानं राजा म्हणायचो. तो ते खरंच समजून बसला, ही चूक आमची.

त्या दिवशी शूटिंगवाले आले. राजा सकाळीच स्वयंपाकघरात डोकावला.

"मावशी, आज तू बोलायचं नाहीस हं. तू तोंड उघडलंस की प्रवचन होतं."

"बरं बाबा, मी मुकी. त्यांना टाळीचं सांगितलंस का?"

"सांगितलं, सांगितलं. लिहूनसुद्धा दिलंय."

आणि खरंच, कुणीही टाळी वाजवली नाही. फार सभ्य माणसं. पण त्यांच्याकडे ती काळीपांढरी पाटी असते ना, वरची फळी खाट्कन आपटतात आणि मग कॅमेरा सुरू करतात, ती कुणाच्याच डोक्यात आली नाही. दारांना रबर लावणारे आम्ही, बादल्या बदलणारे आम्ही, आणि ती फळी राजरोस आत आली.

कॅमेरा पलीकडे, गोठ्यातल्या आंधळ्या बैलाकडे लावलेला होता. पाटी धरणारा टक्कल पडलेला, चाळिशीतला साधा माणूस. त्यानं फळी आपटली. खाट्.

ठकूच्या हातातला भोपळा खाली पडला. ती उभी राहिली. सलाम. हात डोक्यावर. एक गिरकी. आणि ते दात.

"अरे, हसतेय बघ! किती गोड!" कुणीतरी म्हणालं.

मी टोपली टाकून धावत सुटले. "बंद करा! हालू नका कुणी!" पाटीवाला जागच्या जागी थिजला होता. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की काहीतरी भयंकर झालंय एवढं त्याला कळलं. इथवर चूक होती. चुकीबद्दल मी काही म्हणत नाही. चूक माझ्याकडून होते, तुमच्याकडून होते, देव ती पदरात घेतो.

पण त्यांची दिग्दर्शक बाई हळहळली. "अय्यो, कॅमेरा बैलावर होता. परत करेल का ती?"

राजानं माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं बरं का. रबर लावताना खिळे त्यानंच धरले होते. ठकू आली तेव्हा पहिलं केळं तिनं घेतलं ते याच्याच हातून. माझ्याकडे बघत बघतच त्यानं दोन्ही हात उचलले आणि टाळी वाजवली.

ठकूनं सगळं पुन्हा केलं. आणि मग ती थांबेना. टाळी थांबली, कॅमेरा थांबला, पण ती फिरतेय, सलाम ठोकतेय, फिरतेय, आणि मान वळवून वळवून बघतेय की काठी कुठून येणार. पायाखाली ओल पसरली. मुनीम आतून दारावर धडका देत किंचाळत होता. शेवटी ती भेलकांडत झोपायच्या खोलीत गेली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि हातावरचे केस उपटायला लागली. एकेक. शांतपणे. जशी मी मेथी निवडते तशी.

राजा स्वयंपाकघरात आला तेव्हा मी भोपळ्यात सुरी मुठीपर्यंत खुपसली होती.

"जाऊन बस तिच्यापुढं," मी म्हटलं.

तुम्हाला सांगायचं राहिलं. आक्काची इथं एक रीत आहे. जाणता असो की अजाणता, ज्यानं जनावराला घाबरवलं त्यानं जाळीबाहेर जमिनीवर बसायचं. पाठमोरं. रिकामे हात उघडे करून बाजूला ठेवायचे, बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. जनावर आपणहून जवळ येऊन खायला लागेपर्यंत उठायचं नाही. पाठ दाखवायची म्हणजे सांगायचं, आता तू मारलंस तरी मी बघणार नाही. सुई दिली की डॉक्टर बसतो. वासरू बुजलं की काका बसतात. लाज कसली त्यात?

"मावशी, बाहेर पाहुणे आहेत. मी इथला प्रमुख आहे."

"प्रमुख टाळी वाजवायला होता ना? आता बसायला का नाही?"

"एकदाच वाजवली गं!"

"गळासुद्धा एकदाच दाबतात, राजा."

"तू ना, कशाचं काय करतेस! लोक हे बघतील, हळहळतील, चार चांगली माणसं मदतीला येतील. देवळात कथा ऐकताना तू डोळे पुसतेस की नाही पदरानं? तसंच आहे हे. शेवटी तुझ्या माकडांचंच भलं होणार ना?"

"माकडं नव्हेत ती."

"बरं, तुझे जावई!"

"जावई परवडले असते. आणि माझ्या कथेचं तू नाव काढू नकोस. कथा सांगणारा स्वतः रडतो आधी, मग मी रडते. तू तिला रडवलंस आणि वर विचारतोस, कॅमेऱ्यात आलं का? जा, आधी हात धू. कोपरापर्यंत धू."

त्याचं तोंड लाल झालं. दार ओढून घेऊन गेला. दाराला रबर होतं म्हणून, नाहीतर तेही आपटून गेला असता.

थोड्या वेळानं दारात पाटीवाला उभा. काकांकडून त्यानं सगळं काढून घेतलं होतं.

"बाई, कुठं बसायचं ते दाखवता का?"

तो बसला. निरपराध माणूस, उन्हात, टकलावर रुमालसुद्धा न घेता. दिग्दर्शक बाईनं गाडीतून हाका मारल्या तर नुसता हात हलवून म्हणाला, तुम्ही व्हा पुढं. गुरं परत आली, दूध नसलेल्या आमच्या गायी उगाचच हंबरल्या, तरी तो बसलेला. ठकूनं केस उपटायचं थांबवलं, पण तोंड काही फिरवलं नाही. फळी तिनं सोडून दिली असेल. पण टाळी वाजवणारे हात तिच्या ओळखीचे होते. केळं देणारे हात होते ते! शेवटी मीच त्या बिचाऱ्याला उठवला, चार घास खाऊ घातले आणि काकांबरोबर रस्त्यापर्यंत पोचवला.

रात्रभर ठकू अन्नाला शिवली नाही. सकाळीही नाही. डॉक्टर म्हणाला, असंच राहिलं तर ही हातची जाईल. मी राजाच्या खोलीपुढं उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. ते इथं सांगत नाही, तुमच्यात लेकीसुना बसल्यात. तो आतून म्हणाला, "मी काही गुन्हेगार नाही, मी बसणार नाही."

आक्काला आम्ही कळू दिलं नव्हतं. काकांच्या पोटात काही राहत नाही, त्यांनी सांगितलं. उन्हं वर आली आणि बघते तर आक्का वॉकर टेकत, गोठ्यातल्या शेणातून, पाऊल पाऊल येतेय.

"अगं आक्का, तू कुठं निघालीस?"

"बसायला."

"तू कशाला? तू काय केलंस?"

"त्याच्या हातात किल्ल्या कुणी दिल्या? मग ते हात माझेच."

"थांब, खुर्ची आणते."

"खुर्चीत बसून माफी मागतात होय गं? धर मला."

त्या गुडघ्यांवर तिला जमिनीवर टेकवताना जो आवाज तिच्या तोंडून आला, तो मला अजून झोपेत ऐकू येतो. पाठ जाळीकडे, हात उघडे.

राजा धावत आला. "आई, ऊठ! काय लावलंय हे? लोक काय म्हणतील?" ती बोलेना, रीतच तशी. मग उशी घेऊन आला. मग पाणी. मग छत्री उघडून तिच्यावर धरून उभा राहिला, माझ्याकडे बघत, की बघ, मी आहे आईजवळ.

"छत्री धरली म्हणजे बसला असं होत नाही," मी म्हटलं.

"मावशी, गप बस."

"मी गप बसते. तू खाली बस."

ऊन सरकलं, तशी त्याची छत्री सरकली. पण गुडघे काही वाकले नाहीत. माझ्या मनात काय काय आलं म्हणून सांगू! देवा, तुझं नाव घेणाऱ्या तोंडानं मी त्याच्यासाठी काय मागितलं ते तुलाच ठाऊक.

तेवढ्यात आत गवत सळसळलं. ठकू दारात आली. आक्काची पाठ तिनं बघितली. एक पाऊल पुढं टाकलं. मग तिची नजर वर गेली, छत्रीवर, आणि छत्री धरलेल्या हातांवर. ती थांबली. दोन पायांवर उभी राहिली. आणि राजाकडे बघत तिनं सलाम ठोकला.

टाळी नव्हती. आवाज नव्हता. तो नुसता उभा होता म्हणून ठोकला. पुन्हा ठोकला. दात काढले. हात डोक्याकडे न्यायला लागली.

राजाच्या हातातून छत्री सुटली. तो बसला नाही, कोसळलाच म्हणा. आईच्या शेजारी, तिच्यासारखाच पाठमोरा, दोन्ही तळहात मातीवर उघडे. खांदे हलत होते, पण आवाज त्यानं बाहेर येऊ दिला नाही. आक्कानं त्याच्याकडे मान वळवली नाही. रीत मोडेल ना!

ठकू बराच वेळ तशीच उभी. मग हात हळूहळू खाली आले. ती टेकली. गुरं परतायच्या वेळी ती सरकत सरकत जाळीपर्यंत आली आणि त्या दोघांच्या पाठीमागं बसून तिनं रताळं खाल्लं. अर्धंच. पण खाल्लं.

तुम्ही म्हणाल, मग आता राग कसला? आहे. अजून आहे. तो शॉट काढून टाकायला राजानं त्या लोकांना विनवलं, हे खरं. त्यांनी काढला की नाही, देव जाणे. ठकू खाते, पण मुनीमला पाठीला हात लावू देत नाही. राजा रोज संध्याकाळी तिच्यापुढं पाठमोरा बसतो, कुणी सांगत नाही तरी. मी त्याचं ताट वाढते. बोलत नाही. पुढंमागं बोलेन कदाचित.

आणि आक्का त्या जमिनीवरून पुन्हा आपल्या पायांनी उठली नाही. चौघांनी उचलून आत आणली, तेव्हापासून ती अंथरुणावरच आहे. मला म्हणते, "बसले ते बरं झालं गं." मी तोंड फिरवून घेते.

तेव्हा बाबांनो, आयांनो, घरी जाऊन देवापुढं हात जोडाल तेव्हा माझ्या आक्काची आठवण काढा. नाव ठाऊक नाही म्हणून अडू नका. लेकराच्या वाटचं जमिनीवर बसली ती म्हातारी, एवढंच म्हणा. ज्याला कळायचं त्याला कळेल.