थांबला त्याची फेरी पहिल्यापासून

माझे वडील शाळेत व्यायामाचे शिक्षक होते आणि माझं नशीब असं की मीही त्याच शाळेत होतो. मैदानावर त्यांना बाबा म्हणायची सोय नव्हती, सर म्हणायचं. त्यांचा एकच नियम होता: जो थांबला त्याची फेरी पहिल्यापासून. इतर मुलांना तो कधीमधी लागायचा. मी जाडा, दोन पावलांत धापा टाकणारा. मला तो रोज लागायचा. वर माझी फेरी पुरी होईपर्यंत अख्ख्या वर्गाने उन्हात उभं राहायचं. मग वर्ग माझे लाड थोडाच करणार होता? 'रोलर' हे नाव मला तिथेच पडलं आणि ते शाळा सुटल्यावर घरापर्यंत मागे यायचं. एकदा तरी बाबांनी 'पुरे, बस आता' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते कधी म्हणाले नाहीत.

आता मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दिवसभर बैठं काम, पोट टेबलाला टेकलेलं, सकाळी रक्तदाबाची गोळी. अशात बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले.

डॉक्टर म्हणाले, "यांना रोज चालवा. हळू चालवा आणि दमले की बसवा." मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "तुम्हीही चाला बरोबर. तुम्हाला गरज जास्त आहे."

बाबा हसले. छाती उघडून पुन्हा शिवली तरी हसले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. त्या हसण्यावर मी ठरवलं, आता उट्टं काढायचं.

आमच्या इमारतीच्या मागे फरशी घातलेलं आवार आहे. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाक्या. सकाळी तिथल्या बाकावर शेजारपाजारचे निवृत्त लोक बसतात, म्हणजे प्रेक्षकांचीही सोय होती. मी घरातून खुर्ची आणली, फाटकाशी मांडली आणि ऐसपैस बसलो. बाबा चालू लागले. टाक्यांपर्यंत गेले, वळले, आणि परतताना अर्ध्या वाटेत भिंतीला हात टेकून उभे राहिले.

"थांबलात," मी बसल्या जागेवरून म्हणालो. "पहिल्यापासून."

बाकावरच्या गप्पा बंद पडल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आता यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असं मला वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली, फाटकाशी आले आणि पुन्हा निघाले.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. कुठल्या गोळीने इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मला त्यांच्या तोंडून दोनच शब्द ऐकायचे होते: नाही जमत. चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जातील असे. ते म्हणाले की मी खुर्ची उचलून घरी जाणार होतो.

मग रोज सकाळी तेच सुरू झालं. एकदा बाकावरचे पोस्टमास्तर न राहवून म्हणाले, "अरे, आजारी माणूस आहे तो, शर्यतीचा घोडा नव्हे."

"आमच्या घरचा नियम आहे, काका. त्यांनीच केलेला."

"बरोबर सांगतोय तो," बाबा जाता जाता म्हणाले.

असं बोलून माणूस सूडाची चवच घालवतो. मी आणखी चिडलो.

बायकोला आधी वाटलं होतं की नवरा वडिलांची सेवा करतोय. एका सकाळी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचा व्यायाम पाहिला. आम्ही वर आल्यावर बाबांना पडायला लावलं आणि मला आत बोलावलं.

"तुम्ही खुर्चीत आणि ते चालतायत. ओठ निळे पडलेत त्यांचे. दमले की बसवा म्हणाले होते ना डॉक्टर?"

"मला कुणी बसवलं होतं?"

"म्हणजे असं आहे तर. अहो, बाबा हट्टापायी जीव देतील, पण नाही जमत म्हणायचे नाहीत. आणि तुम्ही त्यांचेच चिरंजीव. दोघांतल्या एकाने तरी शहाणं व्हा."

"त्यांना म्हणू दे, मग मी होतो शहाणा."

दुसऱ्या दिवशी बाबा टाक्यांशीच थांबले. एका हाताने नळाचा पाइप धरला, दुसरा छातीवर ठेवला. हवा गार होती आणि त्यांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. ते मला दिसत होतं, तरी माझ्या तोंडून निघालंच, "पहिल्यापासून."

ते वळले. पाय फरफटत फाटकाकडे येऊ लागले, पुन्हा सुरुवात करायला. हा माणूस या फरशीवर मरेल, पण ते दोन शब्द काही म्हणणार नाही, हे मला तेव्हा कळलं. मी पळालो. शाळा सुटल्यापासून मी पळालो नव्हतो. श्वास फुलला, पोट हिंदकळलं, बाकावरच्या साऱ्यांनी पाहिलं. मी त्यांना काखेत धरलं.

"पुरे बाबा. बसा."

"फेरी..."

"खड्ड्यात गेली फेरी."

ते वाचले. डॉक्टरांनी माझी बिनपाण्याने केली, ती मी मुकाट्याने ऐकून घेतली. दुपारी बायको औषधं आणायला गेली आणि दवाखान्याच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. मला राहवलं नाही.

"मी काही तुमची सेवा करत नव्हतो, बाबा. सगळ्यांसमोर पळवायचात मला, त्याचं उट्टं काढत होतो."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी कळलं."

माझं डोकंच फिरलं. "मग बोलायला काय झालं होतं? नाही जमत, एवढंच म्हणायचं होतं."

"तू कधी म्हणाला होतास?"

मी उठून त्यांच्या उशाशी ठेवलेला पेला पाण्याने भरला.

"तू जेवढ्या फेऱ्या मारल्यास तेवढ्या माराव्यात आणि मग बसावं, असं मनात होतं," ते म्हणाले. "पण तू किती मारल्या होत्यास तेच आठवेना. मग थांबायचं कुठे?"

मला पुन्हा राग आला. ज्या फेऱ्या मी जन्मभर उराशी धरून बसलो, त्यांचा या माणसाला साधा आकडा आठवत नव्हता. मला तो पाठ होता. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी सांगेन म्हणून.

"झाल्या, बाबा," मी म्हणालो. "केव्हाच झाल्या."

खोटं होतं ते. अजून पुष्कळ बाकी होत्या.