टकळीचा हसरा चेहरा

...आणि डाग नेमका रडक्या चेहऱ्यावरच होता. वर्गाच्या दाराशी बसवलेल्या, बोटाने चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओळीने पाच चेहरे – हसरा, शांत, रागावलेला, घाबरलेला आणि रडका – आणि त्यातला हा शेवटचा बोटांनी दाबून दाबून इतका चिकट, इतका धुरकट झालेला, की बाईंनी ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा घासला तरी त्याच्या गालावरचा थेंब काही लख्ख होईना. वर अक्षरं होती : आज तुला कसं वाटतंय? रोज सकाळी आत शिरताना प्रत्येकाने आपलं नाव निवडून एक चेहरा दाबायचा. बाईंना हसू आलं. कसं वाटणार, मेल्यांनो! तुमची दुःखं मला चांगली ठाऊक आहेत.

कारण ती दुःखं बाईंच्याच लाडाने वाढलेली होती. पहिल्यांदा कुणीतरी खरोखर रडवेल्या तोंडाने तो चेहरा दाबला, तेव्हा बाईंनी मधल्या सुट्टीत त्या पोराला शेजारी बसवून घेतलं होतं, पाठीवरून हात फिरवला होता, पडलेल्या दाताची साग्रसंगीत चौकशी केली होती. झालं! रडका दाबला की बाई जवळ घेतात ही बातमी हां हां म्हणता वर्गभर झाली आणि अख्खी तिसरी दुःखी झाली. एकीचा लाडका खोडरबर झिजून वारला. एकाला त्याची सावली आवडेनाशी झाली. आणि एक गोलमटोल महाशय, ज्यांना काहीच सुचेना, ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, मला अजून दुःख झालेलं नाही, पण दुपारपर्यंत नक्की होईल." त्यालाही बाईंनी जवळ घेतलं. घ्यायचं नाही तर काय करायचं?

मोठ्या बाई – म्हणजे मुख्याध्यापिका – वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत सगळ्या वर्गांचे आलेख बघत बसायच्या. तिसरीचा आलेख बघून त्या धापा टाकत खाली आल्या होत्या. "अहो, चाललंय तरी काय तुमच्या वर्गात? मारता-बिरता की काय पोरांना?" बाईंनी सगळी हकिगत सांगितल्यावर त्या दाराला टेकून पोट धरून हसल्या होत्या, आणि बाईंना मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या... एवढी पोरं, आणि सगळ्यांना मी हवी! असं उघड म्हणता येत नाही, पण हवंहवंसं तर वाटतंच ना कुणालाही.

हसरा चेहरा मात्र स्वच्छ होता. त्याच्यावर एकच ठसा, लहानसा, अगदी मधोमध. तो टकळीचा.

हे नाव बाईंनीच ठेवलेलं. ती मुलगी वर्गात शिरायची तीच बोलत. बाईंशी बोलायची, बाकाशी बोलायची, पेन्सिलीला टोक काढता काढता तिची समजूत घालायची – "थोडंसंच दुखेल हं." बाई हजेरी घ्यायला लागल्या की कोण आलं नाही आणि का आलं नाही हे हिच्याकडून आधीच कळायचं. बाई दटावायच्या, "टकळे, जरा श्वास घे!" तर म्हणायची, "घेतला बाई, आता बोलू?" आणि मग कधीतरी – कधी, ते बाईंना नेमकं सांगता येईना – ती बोलायची थांबली. भांडण नाही, ताप नाही, काही नाही. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. खिडकीबाहेर बघत बसायची, बाहेर तर बघण्यासारखं एक सायकल स्टँड तेवढं होतं. आणि तरी रोज सकाळी दाराशी टाचा उंचावून, ओठ घट्ट मिटून, बोट पांढरं पडेपर्यंत हसराच दाबायची. कॉम्प्युटरच्या हिशेबी या वर्गात सगळ्यात सुखी मूल तीच.

बाकीची सगळी खोटं रडून माझ्याकडे येतात, ही खोटं हसून लांब राहते. का? मला काय काटे आहेत?... हे बाईंना लागलं होतं. चांगलंच लागलं होतं.

आज ते टाळून चालणार नव्हतं. मुलांशी बोलणाऱ्या समुपदेशक ताई उद्या शाळेत यायच्या होत्या. त्या एकट्या किती शाळा फिरायच्या कोण जाणे, एकदा येऊन गेल्या की पुन्हा लवकर दिसायच्या नाहीत. त्यांनी कोणाशी बोलावं ते आज शाळा सुटेपर्यंत ठरवायचं होतं. ठरवायचं म्हणजे कॉम्प्युटरवर मुलाच्या नावापुढे 'लक्ष हवं' अशी खूण करायची. एक बोट टेकवलं की काम झालं; ताईंकडे यादी त्या खुणांवरूनच जायची.

मधल्या सुट्टीत बाईंनी आपणहून टकळीला बोलावलं. ती आली, उभी राहिली.

"काय गं, हल्ली बोलत नाहीस ती?"

"बोलते ना."

"मग बोल की."

"काय बोलू?"

बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "हे बघ बाळा, उद्या एक ताई येणार आहेत. छान आहेत. त्यांच्याशी गप्पा मारशील? मी तुझ्या नावापुढे खूण करते."

तेव्हा कुठे टकळीने मान वर केली. "ती खूण आईच्या फोनवर जाते?"

"जाते. सगळंच जातं."

जायचंच. पालकांना रोज बघायला मिळावं म्हणून बाईंनीच ती सोय सुरू केली होती आणि मोठ्या कौतुकाने वर्गात सांगितलं होतं – तुम्ही इथे बोट टेकवलंत की तिकडे आईला लगेच दिसतं बरं का!

"मग नको," टकळी म्हणाली. "आई झोपूनच असते. हसरा आला की उठून बसते आणि गोळी घेते. आत्या म्हणते, नाहीतर घेतच नाही ती." आणि मग, बाईंना समजावावं तशी, "म्हणून मी दाबते."

नंतरच्या तासाला बाईंनी फळ्यावर बेरीज चुकवली आणि पोरांनी गिल्ला केला. त्या हसल्या, पुसली, पुन्हा चुकवली. डोक्यात एकच... आम्ही विचारतो, तुला कसं वाटतंय, आणि ही पोर त्याचं उत्तर देतच नाहीये, ती रोज सकाळी टाचा उंचावून आईला गोळी देतेय. माझ्यापासून लांब राहायचा प्रश्नच नव्हता, मी तिच्या हिशेबात नव्हतेच, आणि मी इथे रुसून बसले होते, घोड्याएवढी झाले तरी! बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि वहीत खाली घातलेल्या त्या डोक्याकडे बघताना खूप माया दाटून आली. खूण केली तर आईला दिसणार. नाही केली तर ताई येऊन निघून जाणार, आणि ही अशीच डबा उघडून बंद करत राहणार.

शाळा सुटल्यावर त्यांनी शिक्षकांच्या खोलीतून टकळीच्या आईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"बोला ना बाई," पलीकडचा आवाज बारीक होता, पण त्यात ओढूनताणून आणलेला उत्साह होता. "मजेत आहे ना आमचं पोर? सकाळी हसरा आला होता."

"हो... आला होता."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खरा नसतो तो," आई म्हणाली. "मला काय कळत नाही होय? घरी आली की तोंड बघते ना मी तिचं. पण गोळी मी तो आल्यावरच घेते, मुद्दाम. तिला वाटू दे, तिच्यामुळे आई बरी होतेय. मला दुसरं काय देता येतंय तिला सध्या?"

"उद्या ताईंकडे पाठवू का तिला?"

"पाठवा. पाठवाच... म्हणजे, नको. माझा फोन बघते ती संध्याकाळी. खूण दिसली तर तिला वाटेल, आता आईला कळलं." आवाज खाली गेला. "बाई, मला नाही सुचत. तुम्ही तिच्या बाई आहात, तुम्हीच बघा काय ते."

फोन ठेवून बाई वळल्या, तो दारात मोठ्या बाई पर्स खांद्याला लावून उभ्या. "खूण करताय ना? मी निघतेय."

"करते," बाई म्हणाल्या. "जरा थांबाल?"

त्या बाहेर आल्या. पायरीवर टकळी आत्याची वाट बघत बसली होती, दप्तर शेजारी ठेवून. बाई तिच्याजवळ जाऊन टेकल्या. मायलेकींनी एकमेकींपासून काय काय लपवलंय, आणि किती जपून – तिकडे एक, इकडे एक, आणि मधे मी, दोघींचंही माहीत असलेली... हिला सांगावं का, की तुझी आई तुझ्यासाठीच गोळी घेते, पण तू समजतेस तशी नाही? सांगितलं तर काय मोडेल आणि काय सुटेल, त्यांना कळेना. सकाळी त्यांना वाटत होतं की मुलाच्या मनातलं एकदा कळलं की पुढचं सोपं असतं.

"बाई," टकळी त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्हाला काय झालं?"

"कुठे काय? मला काय होतंय..." हे जिभेवर आलंच होतं, आणि त्याच्यासोबत ते नेहमीचं हसूही, रोज वर्गात शिरताना लावायचं, तयार. किती पटकन आलं ते! कोणी शिकवलं नव्हतं, कोणी मागितलंही नव्हतं. बाईंनी ते अर्ध्यावर थांबवलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्याच्या मागे काय आहे ते आपल्यालाही माहीत नाही. भीती आहे, की दमणूक, की ही पोर आपली असती तर, असलं काहीतरी वेडं. खरं उत्तर शोधायचं तर वेळ लागणार होता, आणि इतका वेळ त्यांनी या प्रश्नावर कुठल्याच मुलाला कधी दिला नव्हता. मागे मोठ्या बाईंच्या चपला वाजल्या. बाई बोलायला तोंड उघडून तशाच बसल्या, आणि टकळी, एक अक्षरही न बोलता, त्यांच्याकडे बघत थांबून राहिली.