सरांच्या चिरतरुण पेशी

सर धापा टाकत जिना चढून आले आणि प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडले, "काय म्हणते माझी प्रजा?"

प्रजा म्हणजे सरांच्याच दंडाच्या कातडीतून काढून बाटल्यांत वाढवलेल्या पेशी. आपल्या पेशींतला डीएनए हिस्टोन नावाच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. ती रिळं जागेवर बसवणारं एक जनुक आहे. पेशीचं वय झालं की ते वाढीच्या सूचनाच घट्ट गुंडाळून टाकतं, मग पेशी दुभंगायची थांबते. ते जनुक बंद केलं तर म्हातारपण लांबेल का, हा सरांच्या विद्यार्थिनीच्या पीएचडीचा प्रश्न. तिने ते बंद केलं आणि पेशी वाढतच सुटल्या. सरांना आभाळ ठेंगणं झालं. निवृत्ती तोंडावर आलेली, पण गडी केसांना कलप लावायचा थांबला आणि भेटेल त्याला दंड दाखवू लागला.

विद्यार्थिनीला मात्र खरं काय ते कळलं होतं. पेशी कुणाच्या हे सांगणाऱ्या चाचणीचा निकाल सकाळीच आला होता. पेशी बाईच्या निघाल्या.

शेजारच्या टेबलावर मैत्रीण कुणा बाईच्या कर्करोगाच्या पेशी वाढवायची. त्या मुळातच मरायचं नाव घेत नाहीत. दोघींनी आळसापायी पोषक द्रवाची एकच बाटली वापरली, त्यातून एखादी आगाऊ पेशी इकडे आली आणि घरमालकालाच हुसकावून बसली. आता गप्प राहिलं तर पदवी, बोललं तर सगळी वर्षं पाण्यात.

"सर, या तुमच्या पेशी नाहीत," ती एका दमात म्हणाली. "बाईच्या आहेत. चूक माझी."

सर मटकन खुर्चीत बसले. "कुठली बाई?"

"माहीत नाही, सर."

"मग माझ्या कुठे गेल्या?"

एका बाटलीत त्या वाचल्या होत्या. तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेशी ऐसपैस पसरून पडल्या होत्या. जनुक बंद असूनही एकही दुभंगत नव्हती.

"वाढत नाहीत म्हणून बिघडल्या समजले आणि बाजूला सारल्या," ती पुटपुटली.

सरांनी उठून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आता आपली धडगत नाही, असं धरून ती उभी होती.

"पुन्हा कर," सर म्हणाले. "पहिल्यापासून. मी गाजावाजा केलाय, तो मीच निस्तरतो."

तिला रडूच फुटलं. "सर, पुन्हा दंडाची कातडी लागेल."

"तुझ्या दंडाची घे," सर डोळा न काढता म्हणाले. "यांना आता पडू दे निवांत."