श्वास रोखून दिलेलं माप

“अंग सैल सोडा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिंपीणबाईंना हसू आलं आणि लगेच जिरलं. तीस वर्षं त्या गिऱ्हाइकांना हेच सांगत आल्या होत्या. माप देताना बायका पोट आत ओढतात, श्वास रोखतात आणि मग कपडा उसवला की शिवणारीच्या नावाने खडे फोडतात.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती. तो उलटू नये म्हणून रोज एक गोळी, आणि त्या गोळीने गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ शकतं म्हणून दर वर्षी ही सोनोग्राफी. आकडा शिंपीणबाई मापांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवत. सहा, आठ, मागच्या खेपेला अकरा मिलिमीटर. “आणखी वाढलं तर तुकडा काढून तपासू,” असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं.

पडद्यावरच्या करड्या पट्टीच्या दोन कडांना दोन खुणा टेकल्या.

“नऊ. उतरलंय की. गोळी चालू आहे ना?”

“हो.”

“रक्त वगैरे जातं?”

“नाही.”

“मग या आता वर्षाने.”

गोळ्यांची पाकिटं महिनाभर मशीनच्या खणात, बटणांच्या डब्याखाली पडून होती. आठ दिवसांपासून डागही दिसत होता. बाहेर बाकावर लेक बसली होती, तिला नववा लागला होता. तिचं बाळंतपण निभेपर्यंत आपल्याला कुणी हात लावू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी कपडे सारखे केले, चपला घातल्या. हवं ते मिळालं होतं, तरी हात कडीवरच राहिला. आता वर्षभर कुणी तपासणार नव्हतं, आणि त्यांना खरोखर भीती वाटली.

“आई, झालं का?” बाहेरून लेकीने विचारलं.

त्या मागे वळल्या. “बाई, तो आकडा खोडा. मी श्वास रोखून माप दिलंय.”

“श्वासाने काही फरक पडत नाही हो.”

“गोळीचं म्हणतेय. महिनाभर घेतली नाही, आकडा कमी यावा म्हणून. आणि डाग दिसतोय.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यामुळेच शिंपीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सोमवारी तुकडा काढू. काय निघतं ते बघू, मग गोळीचं ठरवू. घरी माहितीय?”

“नाही.”

“लेकीला बोलावू आत?”

खोलीत पेशंटसाठी एकच खुर्ची होती. शिंपीणबाईंनी ती भिंतीपासून ओढली, पदराने पुसली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“बोलवा,” त्या म्हणाल्या.