फक्त आईने उठायचं

आमच्या चर्चने तारीख बदलली तिथेच सगळं फिसकटलं, असं बाबा म्हणतात. पूर्वी आमची पवित्र संध्याकाळ, म्हणजे नाताळची आदली संध्याकाळ, जानेवारीत यायची. तोवर दुकानांतली झुंबड ओसरलेली असायची, लोकांनी झाडं उचलून कचऱ्यात टाकलेली असायची आणि कॅनडातल्या या अख्ख्या सस्काचेवान प्रांतात आम्हा युक्रेनी लोकांखेरीज नाताळचं नाव कुणी काढत नसे. आता ती चोवीस डिसेंबरला येते, म्हणजे ऐन बाजाराच्या धुमाकुळात. आणि माझा धाकटा भाऊ दानिलो घरोघर पार्सलं पोहोचवतो.

त्या दिवशी दुपारपासून वाऱ्याची लक्षणं ठीक नव्हती. बर्फ जमिनीवरून उडत होता, रस्ता कुठला आणि शेत कुठलं काही कळत नव्हतं. आईने टेबलावर वाळलं गवत पसरलं, वर पांढरी चादर घातली, बारा पदार्थ मांडले. सकाळपासून कुणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला बसायचं, पण त्या ढगांतून तारा कसला दिसतोय. पाच वाजता दानिलोची व्हॅन दारात लागली तेव्हा आई म्हणाली, "आला माझा तारा. चला, बसा."

आमच्यात या जेवणाला एकदा बसलं की उठायचं नाही. वाढावं लागतं म्हणून फक्त आईने उठायचं. दुसरं कुणी मध्येच उठलं तर पुढच्या वर्षी ते माणूस टेबलावर नसतं, असं म्हणतात. मी बँकेत काम करते, चार बुकं शिकलेली बाई आहे, पण सत्तेचाळीस वर्षांत एकदाही उठलेली नाही.

प्रार्थना चालू असतानाच दानिलोच्या खिशात फोन गुरगुरायला लागला. एकदा, दोनदा, पाचदा.

"अरे, देवाला तरी जरा बोलू दे," मी म्हटलं.

"एक खोकं राहिलंय, स्तेफका. नदीपलीकडे, हॉल्वरसनांकडे. सहाच्या आत नाही पोचलं तर माझं काम दुसऱ्याला देतील."

"एवढं काय आहे त्यात? औषध?" बाबांनी विचारलं.

"फुगवायचा म्हातारा. लाल टोपीवाला. अंगणात उभा करतात तो."

"मग थांबेल की तो. त्याला कुठे थंडी वाजते."

दानिलो हसला नाही. त्याने खुर्ची मागे सरकवली.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली, दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबून त्याला खाली बसवलं आणि त्याच्या कोटातून किल्ली काढून घेतली. "तू बस. उठायची मुभा मला आहे. हॉल्वरसनांचं घर तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतेय मी. खीर झाकून ठेवा."

"आई, वेडेपणा करू नकोस," तो म्हणाला. म्हणाला आणि बसून राहिला. बेचाळीस वर्षांचा घोडा. पण त्याला कुठल्या तोंडाने बोलू, मीही बसलेच होते. अडुसष्ट वर्षांची बाई तसल्या वाऱ्यात बाहेर पडली आणि आम्ही तिघं हात मांडीवर ठेवून धर्म सांभाळत बसलो.

सहा वाजले. बीटाचं सार गार झालं. आईचा फोन ओट्यावरच पडलेला, तो मला जागेवरून दिसत होता. दानिलोने हॉल्वरसनांना फोन करून विचारलं, तिकडे कुणी आलं नव्हतं. सव्वासहाला त्याचा फोन पुन्हा गुरगुरला.

"हॉल्वरसन?" बाबांनी विचारलं.

"नाही. कंपनी. खोकं कुठाय म्हणतात."

आई कुठाय हे कुणी विचारत नव्हतं.

साडेसहाला बाबा उठले.

"बाबा, नको ना," माझ्या तोंडून गेलंच.

"अगं, पंच्याहत्तरी उलटली माझी. पुढच्या वर्षीची भीती मला घालतेस?" त्यांनी बूट चढवले.

मग मी उठले. सगळ्यांत शेवटी दानिलो उठला.

बाबांच्या जुन्या गाडीतून आम्ही माणूस चालतो त्या वेगाने गेलो. पुलाच्या अलीकडे व्हॅन रस्ता सोडून नाकावर चारीत गेलेली होती. इंजिन बंद पडलेलं, एक दिवा तेवढा लुकलुकत होता. गाडी धड थांबायच्या आत दानिलोने उडी मारली. कसाही असला तरी लेकरू आहे, धावला, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

तो व्हॅनच्या मागच्या दाराकडे गेला.

फावडं काढत असेल, मी मनाशी म्हटलं. आजही कुणी विचारलं तर मी फावडंच सांगते.

मी पुढचं दार ओढून उघडलं. आईचा पाय खाली अडकला होता, ओठ निळे पडले होते, पण ती शुद्धीवर होती. तिची नजर माझ्याकडे नव्हती. ती बाजूच्या आरशात बघत होती. आरशात दानिलो होता, दोन्ही हातांत खोकं धरलेला. त्याचा एक कोपरा चेपला होता आणि तो त्यावरून अंगठा फिरवत होता.

"ख्रिस्त जन्मला," आई त्याला म्हणाली. आवाज कसाबसा फुटला.

नाताळात असं कुणी म्हटलं की उत्तर द्यायचंच असतं. 'त्याचा गौरव करा', एवढंच. भांडलेली माणसंसुद्धा देतात. बाबा वाऱ्यात धडपडत येत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. दानिलोला गेलं होतं, त्याने मान वर केली होती.

मी वाट पाहिली. आईनेही पाहिली. मग उत्तर मीच दिलं.